न वाजवलेली घंटा

फौजेत मी टेलिफोनच्या तारा टाकायचो, आता पंखे आणि मिक्सर दुरुस्त करतो. ही कामं मला येतात. व्यासपीठावर बसणं येत नाही, आणि हे मी नातीच्या शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंना तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा त्या हसून म्हणाल्या, "काका, खरे वीर असंच म्हणतात." आता यावर माणसानं बोलायचं तरी काय? हो म्हटलं तर वीर, नाही म्हटलं तर आणखी मोठा वीर. सुटकाच नाही!

शाळेच्या नव्या वाचनालयाला माझं नाव द्यायचं ठरलं होतं. पाटी तयार, पाटीवर पडदा, पडद्याला दोरी. दोरी मीच ओढायची म्हणे.

"अहो, लोक चांगलं म्हणतायत तर म्हणू द्या की," बायको माझ्या कोटावर पदक लावता लावता म्हणाली. "कौतुकानं कुणाच्या अंगाला भोकं पडत नाहीत."

"तुला सगळं माहीत आहे ना?"

"माहीत आहे, म्हणूनच सांगते. गप्प बसा."

गप्प बसायचं नाही, असं ठरवूनच मी घराबाहेर पडलो.

दहावीतली नात मानपत्र वाचायला उभी राहिली. सगळी तुकडी मागे हटली तरी हा जवान टेकडीवर टेलिफोनपाशी एकटा ठाण मांडून बसला, असं त्यात होतं. टाळ्या पडल्या. मी उठलो आणि माईक ओढून घेतला.

"बसलो होतो हे खरं," मी म्हणालो. "का बसलो ते ऐका. मागे फिरा हा हुकूम मला मिळालाच नाही. सकाळी गोळा पडून तार तुटली होती, ती मी जोडली. तारेवरचं रबर नीट सोलायचं, पीळ द्यायचा आणि घंटा वाजवून तपासायचं, असा नियम. पण उगाच घंटा वाजवली की पलीकडचे साहेब खेकसायचे. म्हणून मी वाजवली नाही. जोड कच्चा राहिला, आणि मी फोनची वाट बघत बसलो!"

लोक हसले. हसण्यासारखं काय होतं, देव जाणे.

"खाली आमचा स्वयंपाकी निघायच्या घाईत जेवण वाढत होता. एक ताट उरलं. तेवढ्या धांदलीत फक्त त्याच्या लक्षात आलं की माणूस कमी आहे. कुणी पाठवलं नाही, आपणहून टेकडी चढून आला. 'फोन धरून काय बसलायस? सगळे गेले, ऊठ!' म्हणून मला शिव्या घातल्या. उतरताना मी पुढे, तो मागे. गोळा मागे पडला. पदक मला मिळालं. त्याच्या कागदावर लिहिलं, स्वयंपाकाच्या कामावर असताना मृत्यू. पाटीवर त्याचं नाव घाला."

आता तरी यांच्या डोक्यात उजेड पडेल, असं मला वाटलं. मुख्याध्यापिकाबाईंनी डोळे पुसले. "पाहिलंत मुलांनो? आपलं श्रेय दुसऱ्याला देतो, तोच खरा वीर!"

सगळं सभागृह उभं राहून टाळ्या वाजवायला लागलं. मला कपाळ बडवून घ्यावंसं वाटलं. पहिल्या रांगेतून बायको, सांगितलं होतं ना, अशा नजरेनं बघत होती.

नात मात्र टाळ्या वाजवत नव्हती. ती माझ्याजवळ आली. माईक चालू आहे हे तिच्या ध्यानात आलं नसावं.

"आजोबा, त्या स्वयंपाक्यांच्या घरी कोण होतं?"

"बायको. दोन मुली."

"त्यांना सांगितलंत, तार तुम्ही जोडली होती ते?"

टाळ्या थांबल्या. आजवर जो कोणी मला वीर म्हणाला त्याच्या अंगावर मी धावून गेलो होतो. पण त्या घरी मी एकदाच गेलो, सुट्टीवर असताना. वहिनींनी पोटभर जेवायला घातलं. ह्यांनी वाचवलेला तो हाच, म्हणून शेजाऱ्यांना बोलावून दाखवलं. वाढता वाढता त्यांनी विचारलं, निरोप का नव्हता पोचला? मी म्हणालो, शत्रूनं तार तोडली. आणि घास गिळला. माझी मलाच लाज वाटली होती, आजही वाटते.

"नाही सांगितलं," मी म्हणालो. शेवटच्या रांगेपर्यंत ते ऐकू गेलं. आता कुणीच मला वीर म्हणत नव्हतं. मुख्याध्यापिकाबाई हातातल्या कागदांची चळत उगाच नीट करत राहिल्या.

"त्या आहेत अजून?" नातीनं विचारलं.

"आहेत. दरवर्षी पत्र येतं त्यांचं."

"काय लिहितात?"



"लिहितात, भाऊजी, तब्येतीला जपा. ह्यांनी तुम्हाला उगाच नाही खाली आणलं."