म्हाताऱ्या पोकलेनला फुटलेला अंगठा

मी एक सेकंडहँड पोकलेन बोलतोय. पिवळा रंग चकचकीत दिसतोय, त्याच्यावर जाऊ नका. परदेशातून जहाजाने आल्यावर बंदरावरच तो मला घाईघाईने फासला गेला. त्याच्या खाली आधीचा निळा रंग आहे, निळ्याखाली गंज आहे, आणि गंजाखाली माझं खरं वय आहे.

आमच्या केबिनमध्ये एक मीटर असतं. इंजिन आजवर किती तास चाललं हे त्यावर कळतं. आमचा तो जन्मदाखलाच. माझ्या मीटरचा आकडा बंदरावरच्या एका शेडमध्ये कोणीतरी चहा पिता पिता मागे फिरवला. चहा संपेपर्यंत मी आजोबाचा कॉलेजकुमार झालो. तेव्हापासून कोणी मीटरकडे वाकून पाहू लागलं की मला जमिनीत जावंसं वाटतं. आणि जमीन खणणं हाच माझा धंदा असूनही ते काही जमत नाही.

तिकडे मी इमारती पाडायचो. हाताच्या टोकाला काँक्रीट चावणारा लोखंडी जबडा होता. उघड, मीट, उघड, मीट, यातच उमेदीची वर्षं गेली. त्या जबड्याला तेल पुरवणारा व्हॉल्व्ह माझ्या पोटात आहे. चावून चावून तो आतून झिजला. पुढे जबडा काढून घेतला, मातीची बकेट लावली आणि मला विकलं. व्हॉल्व्ह मात्र तसाच राहिला. पोटातलं कोण बघतो? गिऱ्हाईक रंग बघतं.

मला घेतलं ते दाजींनी. बायकोचा भाऊ त्यांना दाजी म्हणायचा, म्हणून आवारातले सगळेच म्हणायचे. दाजींना जगातल्या कुठल्याही वस्तूची पारख होती. अट एवढीच, की ती वस्तू त्यांनी स्वतः घेतलेली असायला हवी.

"मीटर बघ, मीटर!" पहिल्याच दिवशी ते मेहुण्याला म्हणाले. "याचे अजून दुधाचे दात पडले नाहीत."

मेहुणा केबिनमध्ये चढला, बसला आणि जरा जास्तच खाली गेला. "दाजी, सीट मात्र बरीच बसलीय."

"तिकडची माणसं वजनदार असतात."

हा मेहुणा माझा ड्रायव्हर. त्याचा स्वतःचा ट्रक होता, तो हातचा गेला. आठ दिवसांसाठी म्हणून बहिणीकडे आला तो मागच्या खोलीत कायमचा राहिला. दाजी ते त्याला विसरू देत नसत. पण हात फार हलका होता त्याचा. थंडीत इंजिन गरम होईपर्यंत तो मला कामाला जुंपत नसे. माझ्या वयाला ते सोसायचं, आणि माझ्या वयाचा त्याला पत्ता नव्हता.

मग एके दिवशी दाजींनी मोबाईलवर पाहिलं, की कुठल्याशा पोकलेनने बकेटसमोर लोखंडी अंगठा लावून अंडं उचललं. न फोडता. दाजींनी ते घरातल्या प्रत्येकाला दाखवलं.

"आपल्याला अंडी उचलायची आहेत का?" ताईंनी विचारलं. ताई म्हणजे दाजींची बायको, मेहुण्याची थोरली बहीण.

"अगं, लाकडं उचलायची, दगड उचलायचे! नुसत्या बकेटमध्ये ओंडका नेणं म्हणजे तळहातावर भोपळा ठेवून पळणं. वरून अंगठा दाबला की कुठे जातोय?"

वेल्डिंगवाला आला. माझ्या हाताच्या आतल्या बाजूला त्याने जाड पट्टी जोडली, तिच्यावर अंगठा बसवला, अंगठा ढकलायला जॅक लावला. आता जॅकला तेल हवं. तेव्हा दाजींना जुन्या जबड्याचे पाईप दिसले.

"लाईन आयती आहे की! तिलाच जोडा."

वेल्डिंगवाल्याला आनंद झाला, काम वाचलं. मेहुण्यालाही झाला, त्यानेच पाना धरून पाईप आवळले. मला तेवढी शरम वाटत होती. म्हातारपणी कवळी बसवतात हे ठाऊक होतं. अंगठा फुटल्याचं ऐकिवात नव्हतं. तोही गळक्या व्हॉल्व्हच्या जिवावर!

पायाशी एक पेडल होतं. पंजाने दाबलं की अंगठा मिटायचा, टाचेने दाबलं की उघडायचा. पाय काढला की असेल तिथेच राहायचा. म्हणजे राहायला हवा होता. आवारात मी एक रिकामं पिंप उचललं. टाळ्या पडल्या, दाजींनी फोटो काढला, पिंप खाली ठेवलं. किती वेळ धरतो हे पाहायचं कोणालाच सुचलं नाही. फोटोपुरतं मी धरलं होतं.

पहिलं काम रोपवाटिकेतलं मिळालं. तिथल्या मालकीणबाईंच्या शेडवर वाऱ्याने झाड पडलं होतं. फांद्या तोडून झाल्या होत्या, खोड उचलून फाटकापाशी न्यायचं होतं. वाटेच्या दोन्ही अंगांना बाईंची कलमं होती.

"सावकाश हं," बाई म्हणाल्या.

"बाई, हा अंडं उचलतो," दाजी म्हणाले.

मेहुण्याने खोड धरलं, अंगठा मिटला, पाय पेडलवरून काढून खाली टेकवला आणि मुंगीच्या पावलाने निघाला. अर्ध्या वाटेवर माझ्या पोटात तेल झिरपायला लागलं. अंगठा कळेल न कळेल असा सैल होत गेला. मी जिवाच्या आकांताने धरायचा प्रयत्न केला, पण झिजलेल्या व्हॉल्व्हपुढे जिवाचा आकांत काय करणार? खोडाचं एक टोक कललं, मग सगळंच गेलं. कलमांची एक अख्खी रांग आडवी झाली. माणूस कोणी खाली नव्हता, हे नशीब.

"सावकाश म्हणजे कलमांवर नेऊन टाका असं नव्हतं म्हटलं मी!" बाई ओरडल्या.

दाजींचा चेहरा लालबुंद. "टाच लागली तुझी!"

"पाय पेडलवर नव्हताच दाजी. खाली होता."

"मग काय मशीनने आपणहून सोडलं? नवंकोरं मशीन आहे ते!"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी उन्हात चकाकत उभा होतो. असला रंग अंगावर असताना माझ्यावर संशय कोण घेणार? मेहुणा स्वतःच्याच बुटांकडे बघत राहिला. आपली टाच खरंच लागली की काय, असं त्याला वाटू लागलं होतं. ते मला बघवेना.

"उद्या दुसरा ड्रायव्हर बघतो," दाजी म्हणाले. मग आवाज खाली आणून, "मागची खोलीही लागेल त्याला."

संध्याकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीतून ताई दिसल्या. भांडी चेपतील अशी घासत होत्या.

सकाळी मेहुणा बॅग घेऊन फाटकाशी टेम्पोची वाट बघत होता. त्याला ऐकू जाईल अशा आवाजात दाजी म्हणाले, "बघा, कसं चालवतात ते," आणि केबिनमध्ये चढले. आवारातला एक ओंडका त्यांनी पकडला, वर उचलला.

"हा बघ, पाय काढला! धरलंय की नाही?"

ताई दारात येऊन उभ्या राहिल्या. ओंडका हवेत होता. आणि माझा अंगठा, कोणी न सांगता, कोणी न दाबता, उघडायला लागला.

दाजींनी आधी खाली पायांकडे पाहिलं. पाय पेडलपासून लांब होते. त्यांनी ते आणखी मागे ओढले. शेवटी दोन्ही पाय वर घेऊन सीटवर चक्क मांडी घातली. अंगठा उघडतच राहिला. ओंडका धप्पकन खाली पडला.

"आता कोणाची टाच लागली?" ताईंनी विचारलं.

मेहुण्याला हसता आलं असतं. तो म्हणाला, "मशीन उतारावर आहे ना ताई, म्हणून असेल." आवार तर परातीसारखं सपाट. माझ्यापायी रस्त्यावर आलेला माणूस माझीच बाजू सावरत होता.

दाजी मांडी घालून बसूनच राहिले. मग वाकून त्यांनी मीटर पाहिलं. त्यांचा हात खोलगट सीटवरून फिरला, केबिनच्या कोपऱ्यात रंगाचा पोपडा सुटला होता तिथे थांबला. नखाने त्यांनी तो उचकटला. खाली निळा, त्याच्या खाली गंज.

"बॅग आत ठेव," ते मेहुण्याला म्हणाले.

"टेम्पो येतोय दाजी."

"त्याला परत पाठव. आणि चल माझ्याबरोबर."

दाजी, मेहुणा आणि मी रोपवाटिकेत गेलो. कालचीच माणसं जमली. दाजी बाईंसमोर उभे राहिले.

"काल याची चूक नव्हती. मशीन म्हातारं आहे, मीटर खोटं आहे. मी फसलो. आणि फसलो ते माझ्या पारखीमुळे."

असं वाक्य त्या तोंडातून मी कधी ऐकलं नव्हतं. मेहुण्यानेही नसावं, कारण तो झाडांकडे बघायला लागला. माझी लाज त्या माणसाने चारचौघांत स्वतःच्या अंगावर घेतली होती, आणि मी मागे उभा, पिवळाधमक.

"मग माझ्या कलमांचं काय?" बाईंनी विचारलं. त्यांचंही बरोबरच होतं.

"नवी लावायला खड्डे आम्ही खणून देतो. लागतील तेवढे."

तेच आता चाललंय. नवा व्हॉल्व्ह बसेपर्यंत अंगठा दुमडून साखळीने हाताला बांधून ठेवलाय. त्याला ओझं द्यायचं नाही, असं दाजींनी बजावलंय.

वाचकहो, तुमच्यापैकी कोणी माझ्यासारखं जुनं यंत्र घेणार असेल, तर रंग पाहू नका, पोटात डोकवा. आणि आम्हाला विकणाऱ्यांनो, आमचं वय लपवू नका. म्हातारा म्हणून विकला गेलो असतो तर मी कुठेतरी निवांत माती ओढत बसलो असतो. तरुण म्हणून विकला गेलो, आणि एका माणसाचं घर जाता जाता राहिलं.

बाई "जरा खोल घ्या" म्हणतात, मेहुणा माझा हात खाली घेतो. खड्ड्याच्या काठाशी येऊन माझा हात थरथरतो. तो चिडत नाही, दांडा हिसकत नाही. थरथर थांबेपर्यंत बसून राहतो, आणि मगच बकेट मातीला लावतो. त्याच्या त्या थांबण्याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते.