अकरावी मासोळी

पुंजारामच्या नव्या विहिरीवर दोन कप्प्या होत्या, चार नवे दोर, दोन पितळी घागरी आणि हार घातलेला एक दगड. आत तीन परस खोल पाणी. काठावर साठेक माणसं. घागर मात्र कुणीच आत सोडत नव्हतं.

"पुंजाराम, पहाटीच विहिरीत काय सोडलं बे?" वामनराव पाटलांनी विचारलं.

"मरळीची पिलं, पाटील. अकरा." पुंजाराम भोई खुशीत होता. "आमच्यात नव्या पाण्याले मुकं ठेवत नाईत. मासोळी फिरली का पाणी बोलते."

"बोलते? मंग उद्या देवाच्या आंघोळीले कालवणच पाठव!"

लोक हसले. पुंजारामही हसला. जरा वेळाने आपण एकटेच हसतो आहोत, हे त्याच्या लक्षात आलं.

तरुणपणी तो पूर्णेची मासळी पाटीत घेऊन पायी अकोल्याला जाई. वाटेत पाणी मागितलं की लोक उंचावरून ओंजळीत ओतत. अर्धं कोपरावरून वाहून जाई. पुढे मूर्तिजापूरहून त्याच्या टोपल्या बर्फात बसून नागपूरला जाऊ लागल्या. त्याने गावच्या शाळेवर पत्रे घातले, दवाखान्याला खाटा दिल्या. गावाने ते घेतलं. पत्र्याखाली बसता येतं. पाणी पोटात जातं. गावातल्या साऱ्या विहिरी खाऱ्या होत्या, आणि त्याच्या विहिरीला गोडं पाणी लागलं होतं. एकदा गावाने आपल्या हातचं पाणी प्यावं, एवढंच त्याला हवं होतं.

"सारं पाणी उपस," वामनराव म्हणाले. "मासोळ्या काढ, तळचा गाळ बी काढ. मंग पिऊ."

विहीर खोदणारा नबी मिस्त्री त्याला बाजूला घेऊन म्हणाला, "सेठ, गाळाखाली खार हाय, खारं पाणी. म्हणून तं मी तिथं थांबलो. गाळाले हात नोका लावू."

"मंग पिऊ म्हणते ना पाटील."

"अन् खार फुटला तं?"

"नबीभाई, पिऊ म्हणते ते."

दोन दिवस मोटा चालल्या. तिसऱ्या दिवशी पुंजाराम स्वतः आत उतरला. चिखलात हात घालून त्याने एकेक पिलू वर दिलं. काठावरची माणसं मोजत होती. दहा झाली.

"एक बाकी हाय!" वरून कुणीतरी ओरडलं. "का खाल्लं तिथंच?"

मरळ चिखलात खोल शिरून बसते. नबीने कुदळ द्यायचं नाकारलं, तेव्हा पुंजाराम हातांनी उकरू लागला. कोपरापर्यंत खोल गेल्यावर अकरावं पिलू सापडलं.

"हे घ्या! झाले अकरा!" त्याने ते उंच धरलं. पायाखालून पाणी वर येत होतं, कोमट आणि फेसाळ.

आठ दिवसांनी विहीर पुन्हा तीन परस भरली. पाटलांच्या घरची घागर सगळ्यांत आधी आत गेली. वामनरावांनी एक चूळ तोंडात घेतली आणि थुंकली.

"काहून पाटील?"

"घे, तूच पे."

लोक घागरी घेऊन परत गेले. पुंजाराम पायरीवर बसून राहिला.

"जीभ खोटी बोलते," तो घरी येऊन बायकोला म्हणाला. "त्यायच्या मनात खार हाय, म्हणून पाणी खारं लागते."

जमुनाने त्याच विहिरीचं शेरभर पाणी पातेल्यात घेतलं आणि चुलीवर ठेवलं. दोघं समोर बसून राहिली.

पाणी पूर्ण आटलं. तळाशी पाव तोळा मीठ उरलं.