पाद्री साबची सुट्टी

एकोणीस वर्षांच्या नोकरीत शांतवन इंगळे ईस्टरच्या आदल्या, झावळ्यांच्या रविवारी कधीच घरी नव्हता. फौजेत तो धर्मगुरू होता. पलटणीतल्या ख्रिस्ती जवानांचा पाद्री, हुद्द्यानं सुभेदार. बाकीच्यांना सणाला सुट्टी मिळाली तर आनंद व्हायचा. याचं कामच सणाच्या दिवशी. मार्था त्याच्याबरोबर तीन छावण्यांत राहिली होती, त्यामुळे तिला ते ठाऊक होतं. ईस्टरच्या सप्ताहात चॅपलच्या फरशा धुण्यापासून पहाटेच्या उपासनेनंतरच्या चहापर्यंत सगळं तिनं केलं होतं. झारखंडच्या, नागालँडच्या, केरळच्या जवानांच्या बायका तिच्या क्वार्टरमध्ये पाव भाजायला जमायच्या. शारोन अकरावीत गेली तेव्हा मायलेकी मंगरूळपीरला परत आल्या, आणि तेव्हापासून ईस्टरला शांतवनचा फक्त फोन यायचा.

त्यामुळे शनिवारी दुपारी तो बॅग घेऊन दारात उभा राहिला तेव्हा तिला आनंदाआधी धक्काच बसला.

"अहो, आज? उद्या तर झावळ्यांचा रविवार हाय. चॅपलमधी कोन हाय मंग?"

तो तिच्या तोंडाकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "सुट्टी मिळाली."

"काहून?"

"मिळाली म्हनलं ना." आणि तो हातपाय धुवायला गेला.

मार्थाच्या मनात पाल चुकचुकली ती तेव्हाच.

विचार करायला मात्र वेळ मिळाला नाही. मंगरूळपीरला त्यांच्या ख्रिस्ती मंडळीचं एक लहानसं पत्र्याचं प्रार्थनाघर होतं, वीसेक घरांचं. वाशीमहून पास्टर दोन आठवड्यांनी एकदा यायचे, आणि या वर्षी त्यांना सणाच्या आठवड्यात तीन गावं सांभाळायची होती. मिल्ट्रीचे पाद्री आलेत म्हटल्यावर संध्याकाळपर्यंत अख्खा सप्ताह इंगळ्यांच्या अंगावर पडला. रविवारच्या शिंदीच्या झावळ्या, येशूनं शिष्यांचे धुतले तसं गुरुवारचं मंडळीचे पाय धुणं आणि प्रभुभोजन, शुक्रवारी येशूचे वधस्तंभावरचे सात उद्गार, ईस्टरची सूर्योदयाची उपासना. शांतवननं नाही म्हणून पाहिलं. पण मंडळीतली सगळ्यात जुनी जमनाबाई दारात ठाण मांडून बसली, आणि तिच्यापुढे कुणाचं चालत नसे.

रविवारी पोरं झावळ्या हलवत गात आली आणि शांतवन वेदीजवळ ताठ उभा राहिला. मार्थानं पाहिलं, तो पोरांच्या हातांकडे पाहतच नव्हता. एकेकाच्या तोंडाकडे पाहत होता, जणू त्यांच्यातलं कुणी खोटं बोलतंय आणि ते त्याला पकडायचंय.

सोमवारपासून आणखी गोष्टी दिसायला लागल्या. फोन वाजला की तो उचलायचा नाही. नाव पाहायचा, कापायचा, आणि अंगणात कडुनिंबाखाली जाऊन मेसेज लिहीत बसायचा. मार्था जवळ गेली की स्क्रीन उलटी. दुपारी जेवण झालं की शारोनची स्कूटी काढायचा आणि उन्हातान्हात निघून जायचा.

"कुठं चालले एवढ्या तपनीत?"

"काम हाय."

"कोनतं काम?"

त्याला प्रश्न ऐकूच आला नसल्यासारखा तो गेट उघडून चालता व्हायचा. पाच वाजता परत. शर्ट घामानं भिजलेला, चपलांना काळ्या शेताची माती.

मंगळवारी शारोन आणि ती ओट्यावर बसून गुरुवारच्या भाकरीसाठी पीठ चाळत होत्या. शारोन हळूच म्हणाली, "मम्मी, पप्पा माह्या तोंडाकडे पाहूनच राह्यतात. मले कसंतरीच होते. मी काई केलं काय?"

"तू काय करशीन? त्याइच्याच मनात काईतरी हाय."

दोघींच्या मागे सावली पडली. शांतवन केव्हा येऊन उभा राहिला कळलंच नाही.

"काय चाललंय?" त्याचा आवाज घरात बोलायच्या मानानं फार मोठा होता.

"काई नाई. पीठ चाळून राह्यलो."

"माह्याबद्दल बोलून राह्यल्या तुमी."

"नाई जी."

"मी आलो का तुमी गप होता. मले दिसते सारं." तो आत गेला आणि दार आदळलं.

मार्थाचे हात पिठात तसेच राहिले. लग्नाला एकवीस वर्षं झाली होती. या माणसानं तिच्यावर कधी संशय घेतला नव्हता. स्वतःच्या मनात चोर असला की माणसाला सगळे चोर दिसतात, असं तिची आई म्हणायची.

बुधवारी सकाळी तिच्या फोनवर छावणीचा नंबर आला. पलटणीतले पंडितजी होते, हरीओम. देऊळ, गुरुद्वारा, मशीद, चॅपल एकाच आवारात असल्यानं पंडितजी आणि शांतवन वर्षानुवर्षं शेजारी. मार्थाच्या हातचं लोणचं ते चाटून खायचे.

"भाभीजी, पाद्री साब फोन नहीं उठा रहे, तो सोचा आपसे ही पूछ लूँ. ऑपरेशन ठीक हो गया ना?"

"किसका ऑपरेशन?"

"आपका, भाभीजी. सीओ साब ने इसी लिए तो छुट्टी दी. ईस्टर में पाद्री को कौन छोड़ता है?"

"हो गया, पंडितजी. ठीक हूँ," ती म्हणाली, आणि फोन ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं की नवऱ्याच्या खोट्यात आता आपणही सामील झालो.

दुपारी शेजारची शाहजादी वेदीवर घालायचं पांढरं कापड शिवून घेऊन आली. तिनं घडी मार्थाच्या हातात दिली आणि उगाच घुटमळली.

"क्या हुआ, बोल ना," मार्था म्हणाली.

"बुरा मत मानना, मार्था. यांनी पाह्यलं." यांनी म्हणजे तिचा नवरा फय्याज. तो टेम्पोतून गावोगावच्या दुकानांना किराणा पोचवायचा. "पाद्री भाई आसेगावले दिसले. सोमवारी बी, काल बी. काल स्कूटीवर मागं एक बाई होती. तांड्यावरची वाटे, हातभर बांगड्या."

"वयानं?"

"पदर होता तोंडावर. यांले नाई दिसलं."

मार्थानं कापडाची घडी उघडली, शिवण पाहिली, चांगली झाली म्हणाली. शाहजादी गेल्यावर तीच घडी तिनं चार वेळा घातली आणि मोडली.

त्या संध्याकाळी तिनं जे केलं त्याची तिला पुढं कितीतरी दिवस लाज वाटली. तो अंघोळीला गेला तेव्हा तिनं त्याचा फोन उघडायचा प्रयत्न केला, जमलं नाही. मग बॅग उघडली. कपडे, बायबल, दाढीचं सामान. तळाशी एक वही होती. तिच्या पानापानावर शब्दांच्या जोड्या लिहिलेल्या: पाणी, मानी. बारा, मारा. पोट, बोट. कुणाच्यातरी शिकवणीची असावी तशी वही. यात बाई कुठं बसते, हे तिला कळेना. तिनं ती होती तिथंच ठेवली.

गुरुवारी दुपारी तो निघाला आणि पाठोपाठ ती निघाली. संध्याकाळी प्रभुभोजन होतं. भाकरी, द्राक्षरस, पाय धुवायची घमेली, पंचे, सगळं शारोनवर सोपवून ती आसेगावच्या एसटीत बसली. उघड्या खिडकीतून आत येणारा वारा कढत होता. आपण काय पाहणार आणि पाहिल्यावर काय बोलणार, याची तिनं वाटेत मनात शंभरदा उजळणी केली. प्रत्येक वेळी शेवटचं वाक्य वेगळं.

फाट्यावर उतरून तिनं पानठेल्यावर विचारलं. "मिल्ट्रीवाले? ते धरमसिंगच्या घरी जातेत ना रोज," ठेलेवाला म्हणाला आणि तांड्याकडची वाट दाखवली.

तांड्यावरचं शेवटचं घर. दारात शारोनची स्कूटी. अंगणात साठीची एक बाई हातभर बांगड्या घालून तूर पाखडत होती. हीच ती, हे मार्थाला बघताक्षणी कळलं, आणि पहिल्यांदा तिचा राग जरा अडखळला.

घराच्या मागं बाभळीच्या सावलीत दोन बाजा टाकल्या होत्या. एका बाजेवर एक म्हातारा, दुसऱ्या बाजेवर शांतवन, मार्थाकडे पाठ करून. म्हाताऱ्याचं तोंड हलत होतं. ओठ उघडत होते, मिटत होते, आणि आवाज काहीच येत नव्हता. मग शांतवन थोडा थांबून मोठ्यानं म्हणायचा, "बाजार." म्हाताऱ्यानं मान हलवली. पुन्हा ओठ हलले. "माजघर," शांतवन म्हणाला. म्हातारा हसला.

हे काय चाललंय? मंत्रतंत्र? पाद्र्यानं? प्रभुभोजनाच्या दिवशी?

"अहो!" ती ओरडली.

शांतवन वळला नाही. ती दहा पावलांवर होती.

"अहो, मी हाक मारून राह्यली!"

कुत्रं भुंकायला लागलं, कोंबड्या पांगल्या. दोघांपैकी एकानंही मान वळवली नाही. मार्था तिथंच उभी राहिली. तूर पाखडणारी बाई सूप घेऊन जवळ आली.

"कायले घसा फोडतं बाई. दोघं बी बहिरे हायत. माह्या मानसाले तर पंधरा वर्सं झाली, तोफेवर होता ना. आता ह्ये पाद्री साब आले त्याच्यापाशी शिकाले. व्हटावरून वळखाचं कसं, थे."

"परवा स्कूटीवर..."

"मीच होतो. फाट्यावरून आनलं त्याइनं, गुडघे दुखतेत माहे." तिनं मार्थाकडे नीट पाहिलं. "तू त्याइची घरवाली व्हय? तुले नोयतं सांगतलं?"

म्हाताऱ्याची, धरमसिंगची, नजर वर गेली. त्यानं शांतवनच्या गुडघ्यावर थाप मारली आणि बोट दाखवलं. शांतवन वळला. मार्थाला पाहून त्याचा चेहरा असा झाला, की वाटेत जमवलेल्या सगळ्या वाक्यांपैकी तिला एकही आठवलं नाही.

ती त्याच्या समोर जाऊन बसली. तोंड त्याच्याकडे करून, एकेक शब्द सुटा करत म्हणाली, "किती दिवस?"

"डावा कान जाऊन तीन वर्सं झाली. धरमसिंगची आन माही पलटन एकच. तोफखान्यात पाद्री होतो तेव्हापासून सुरू झालं. उजवा या हिवाळ्यात गेला." त्याला आता आवाज सांभाळायची गरज वाटत नव्हती. "मागच्या महिन्यात एक जवान पोरगं माह्यापाशी येऊन रडलं. अर्धा घंटा बोललं. मले काईच समजलं नाई, मार्था. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला, प्रार्थना केली आन पाठवून देल्लं. त्यानं काय सांगतलं, थे मले आजबी मालूम नाई."

धरमसिंग उठून घरात गेला. त्याची बायको भुरीबाईही गेली. शांतवन बोलत राहिला. फोनवरचं काहीच कळत नव्हतं, म्हणून तो मेसेज लिहायचा. सप्ताहाच्या उपासना जवळ आल्या आणि त्याला धडकी भरली. गीत कुठं संपतं, मंडळीचं उत्तर कधी येतं, काही कळणार नाही. मेडिकल बोर्डाला कळलं तर घरी पाठवतील. म्हणून बायकोच्या ऑपरेशनचं खोटं सांगून तो पळाला होता. आणि पळून आल्यावर इथंही तेच काम गळ्यात पडलं.

"मले काहून नाई सांगतलं?"

"तुमी दोघी कुजबुजत होत्या. मले वाटलं तुमाले समजलं. हसून राह्यल्या माह्यावर."

"मले वाटलं तुमी बाई ठेवली."

तो तिच्या ओठांकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "पुना सांग. बाई का माई?"

वहीतल्या जोड्या ओठांवर सारख्याच दिसतात, हे मार्थाला आता उमगलं. तिला हसू आलं आणि त्याबरोबरच रडूही. तिनं परत सांगितलं नाही. परतीच्या वाटेवर ती स्कूटीवर मागं बसली तेव्हा मात्र तिला तो मुलगा आठवत होता, ज्यानं बहिऱ्या माणसाला आपलं दुःख सांगितलं. राग गेला नव्हता. त्याची जागा बदलली होती.

गुरुवार पार पडला. पाय धुवायला ऐकावं लागत नाही. शुक्रवारसाठी त्यांनी ठरवलं की मार्थानं पहिल्या बाकावर बसायचं आणि गीत संपलं की मांडीवरचा हात उचलायचा. बारा ते तीन, पत्रा तापलेला, माणसं दाटीवाटीनं. चार उद्गार नीट झाले. पाचव्याच्या गीताला जमनाबाईनं आपल्या पद्धतीनं चाल लांबवली, शेवटचं कडवं दोनदा घेतलं. मार्थाला वाटलं संपलं, तिनं हात उचलला. शांतवन बोलायला लागला आणि मंडळी गातच राहिली. तो मोठ्या आवाजात तहानेबद्दल बोलत होता आणि त्याला कळत नव्हतं. गाणं एकेका तोंडातून विझलं. मागच्या बाकावर कुणीतरी खुसखुसलं.

शांतवननं लोकांचे चेहरे पाहिले. त्यानं पुस्तक मिटलं.

"मले ऐकू येत नाई," तो म्हणाला. "तुमाले सांगाले पायजे होतं. सांगतलं नाई. मिल्ट्रीले बी खोटं सांगून आलो. आज उत्तम शुक्रवारच्या दिवशी हे तुमच्यासमोर कबूल करतो."

दोनतीन माणसांनी एकमेकांकडे पाहिलं. त्या नजरा मार्थाला आवडल्या नाहीत. जमनाबाई काठी टेकत उठली, वेदीपर्यंत चालत आली आणि त्याच्या तोंडासमोर तोंड नेऊन म्हणाली, "दोन उद्गार राह्यले. सांग. आमाले येते ना आइकू."

त्यानं उरलेले दोन सांगितले. ईस्टरची पहाटही त्यानंच घेतली. शारोन शेजारी उभी राहून त्याला खुणा करत होती.

सोमवारी मार्थानं छावणीत फोन लावला आणि पलटणीच्या प्रमुखांना, सीओ साहेबांना स्वतः सांगितलं, ऑपरेशन तिचं नव्हतं, कान त्यांचे होते. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, पाद्री साबना पाठवा. मंगळवारी तो गेला. खोट्याबद्दल ठपका बसला, बोर्ड झाला, दोन्ही कानांना यंत्रं मिळाली, आणि दिवाळीच्या आधी तो नोकरीतून मोकळा होऊन घरी आला. छावणी सोडायच्या आधी त्यानं त्या रडून गेलेल्या मुलाला शोधलं. तो दुसऱ्या पलटणीत बदलून गेला होता. शांतवननं त्याला पत्र लिहिलं. उत्तर आलं ते दोन ओळींचं: मी बरा आहे, काळजी करू नका.

ते खरं आहे का, हे शांतवनला कधी कळलं नाही. मार्थालाही नाही. फोन आला की तो आता घरातच, सगळ्यांसमोर बोलतो, जरा जास्तच मोठ्यानं. ती ऐकते. कधीकधी अजूनही, सवयीनं, कान देऊन ऐकते, आणि मग स्वतःवरच चिडून कामाला लागते.