न वाजलेलं यंत्र

संघप्रिया कांबळे मूळची नेसरीची. कोल्हापूरला विद्यापीठात पदार्थविज्ञानाची पीएचडी करायला आली तेव्हा घरच्यांना वाटलं होतं, दोन-तीन वर्षांत पोरगी कुठल्यातरी कॉलेजात चिकटेल. पण ती ज्या कामात पडली ते काम तिला सोडेना. हायड्रोजन सल्फाइड हा वायू मळीच्या टाक्यांत, गटारांत, चामड्याच्या कारखान्यांत आपोआप तयार होतो. थोडा असला तर त्याचा घाणेरडा वास येतो. फार झाला की नाकच बधिर होतं. माणसाला वाटतं, वास गेला, आता काळजी नाही. आणि पुढच्या पावलाला तो कोसळतो.

हा वायू ओळखणारा सेन्सर संघप्रियाने केला. कथिलाच्या ऑक्साइडचा केसाहून पातळ थर, त्यात तांब्याचा अंश. तोवरचे असले सेन्सर दारूच्या वाफेनेसुद्धा बोंबलत. तिचा सेन्सर दारूला दाद देत नसे, स्वयंपाकाच्या गॅसला देत नसे, वाजला तर ह्या एका वायूलाच वाजे. एवढं साधायला तिची ऐन उमेदीची वर्षं गेली. कपड्यांत तो वास इतका मुरला होता की मेसमध्ये मुली ताट उचलून पलीकडच्या टेबलावर जायच्या. तिला त्याचं काही वाटायचं नाही. वास धुतला की जातो, असं ती म्हणायची.

एकोणीसशे अठ्ठ्याण्णव साली पदवी हातात आली, आणि त्याच सुमारास माधव हेर्लेकर भेटला. शिरोलीच्या एमआयडीसीत त्याचा इलेक्ट्रिकल पॅनेल बनवण्याचा छोटा कारखाना होता. मंगळवार पेठेतलं मास्तरांचं घर, बोलणं मऊ, कधी आवाज चढायचा नाही. विद्यापीठातल्या एका प्रदर्शनात तो तिच्या टेबलापाशी बराच वेळ उभा राहिला, आणि म्हणाला की असला शोध कपाटात ठेवणं म्हणजे पाप आहे, बाजारात गेला तर माणसं वाचतील. हे तिला याआधी कुणी म्हटलं नव्हतं. दोघांनी कंपनी काढली. सेन्सर बनवणं तिच्याकडे, यंत्राची पेटी आणि विक्री त्याच्याकडे. जाहिरातीच्या पत्रकावर तिचं नाव मोठ्या अक्षरांत, पुढं डॉक्टर.

सुरुवातीला कुणी विचारेना. मॅनेजर लोक बाहेरच्या बाकावर बसवून ठेवत आणि मग विचारत, ह्याचा आम्हाला उपयोग काय? मग कारखान्यांच्या तपासणीला येणारे सरकारी साहेब गॅसचा अलार्म कुठाय म्हणून विचारायला लागले, आणि एकाएकी मागणी आली. संघप्रिया शिरोलीच्या एका खोलीत भट्टीपुढे बसून सेन्सरमागून सेन्सर करत राहिली. प्रत्येक सेन्सर ती स्वतः वायू सोडून तपासायची, मगच माधवच्या हवाली करायची.

त्याच दिवसांत तक्रारी सुरू झाल्या. यंत्र बंद पडतं अशी एकही नव्हती, सगळ्या यंत्र वाजतं म्हणून. वाजलं की माणसं टाकीतून वर येतात आणि काम खोळंबतं. माधवने हे हसत हसत तिच्या कानावर घातलं आणि विचारलं, अलार्मची मर्यादा जरा वर नेता येईल का? तिने साफ सांगितलं, ही मर्यादा मी ठरवलेली नाही, माणसाच्या फुप्फुसानं ठरवली आहे. तो लगेच हो म्हणाला. पुढं तक्रारी थांबल्या. तिला वाटलं, गिऱ्हाइकांना सवय झाली.

दोन हजार चारच्या उन्हाळ्यात जिल्ह्याच्या एका टोकाला असलेल्या डिस्टिलरीत सांडपाण्याच्या टाकीतला गाळ काढायला केरबा नावाचा कामगार उतरला, आणि आतच पडला. त्याला काढायला गणपती म्हणून दुसरा एक कामगार उतरला, त्याला कमरेच्या दोरानं ओढून वर घेतलं म्हणून तो वाचला. केरबा गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी माधव गाडी घेऊन संघप्रियाच्या दारात हजर. टाकीवर आपलं यंत्र होतं, ते वाजलं नाही, आणि कारखान्याला डॉक्टर कांबळेंकडूनच त्याची तपासणी हवी होती.

सगळ्या वाटेनं तिच्या डोक्यात एकच चाललं होतं. सेन्सर आपला आहे, तो वाजला नाही, म्हणजे चूक आपली. टाकीवरच्या दमट हवेनं थर खाल्ला असेल का? तांबं कमी पडलं असेल का? आपल्या हातून माणूस गेला, हे कसं सोसायचं याची ती मनाशी तयारी करत होती. माधव मात्र निवांत गाडी चालवत होता. मध्येच म्हणाला की केरबाच्या पोटात दारू सापडली आहे म्हणे, तेव्हा फार मनाला लावून घेऊ नकोस.

कारखान्याच्या फाटकाबाहेर करंजाच्या झाडाखाली माणसं बसली होती. मध्ये एक बाई कुणाशी न बोलता समोर बघत होती. ती केरबाची बायको, शालूबाई, असं वॉचमननं सांगितलं. मृतदेह अजून सरकारी दवाखान्यातच होता.

टाकीशेजारच्या भिंतीवर यंत्र होतं आणि त्याचा हिरवा दिवा छान लागलेला होता. संघप्रियाने पिशवीतून तपासणीच्या वायूचा फुगा काढला आणि नळी यंत्राच्या जाळीला लावली. दिवा हिरवाच. आणखी वायू सोडला. तिला स्वतःला वास आला, मागं उभ्या असलेल्या वॉचमननं नाकाला रुमाल लावला, पण दिवा हिरवाच. मग तिनं स्क्रू काढून झाकण उघडलं.

सेन्सर नव्हताच. त्याच्या जागी एक बारकासा रेझिस्टर जोडला होता, हवा कायम स्वच्छ आहे असं यंत्राला सांगत राहणारा. काम मोठं नेटकं होतं. सोल्डरिंग चकचकीत, तारांची टोकं नीट कापलेली, गंज चढू नये म्हणून वर वार्निशचा थेंब. कुणीतरी उजेडात निवांत बसून, मन लावून हे केलं होतं. ती त्या नेटकेपणाकडे बघत राहिली.

तिनं माधवकडे पाहिलं. तो दचकला नव्हता.

"चल, आत जेवताना बोलू," तो म्हणाला.

गेस्ट हाउसमध्ये पानं मांडली होती. मटण, तांबडा-पांढरा रस्सा, गरम भाकऱ्या. मॅनेजर होते, तपासणीचे साहेब होते. साहेबांनी पट्टा एक घर सैल केला होता आणि मनगटापर्यंत रस्सा माखलेल्या हातानं ते नळी फोडत होते. मॅनेजरनी मोठ्या अगत्यानं तिला बसायला सांगितलं, कोल्हापुरात पाव्हणा उपाशी जात नसतो असं म्हणाले. अहवाल टाइप होऊन तयारच होता, तिची फक्त सही हवी होती. यंत्र चालू स्थितीत आहे, घटनेच्या वेळी ते वाजलं नाही, म्हणून टाकीत विषारी वायू नव्हता. वायू नव्हता म्हणजे माणूस दारूच्या नशेत पाय घसरून पडला. साहेब घास चावता चावता म्हणाले की यंत्र काय खोटं बोलत नाही, शास्त्र आहे ते.

तेव्हा कुठं तिला सगळं उमगलं. तिचं यंत्र वाजलं नाही एवढ्यावर हे थांबणार नव्हते. त्याचं न वाजणं मेलेल्या माणसाविरुद्ध साक्षीला उभं करणार होते, आणि त्या साक्षीवर तिचं नाव असणार होतं.

माधव तिला व्हरांड्यात घेऊन गेला. नेहमीच्याच मऊ आवाजात त्यानं समजावलं. हे काही एकट्या इथलं नाही, जिथून जिथून तक्रार आली तिथं तिथं असंच केलंय.

"त्यांना यंत्र नको होतं, संघप्रिया. भिंतीवर यंत्र आहे, एवढंच हवं होतं. आपण तेच विकलं."

"आणि माझे सेन्सर?"

"एकही वाया घालवला नाही. ऑफिसच्या कपाटात डब्यात कापूस घालून ठेवलेत. तुझी मेहनत मला कळते."

हे तो मनापासून बोलत होता, आणि तेच तिला सहन झालं नाही. त्यानं खोटं सांगितलं असतं, हात जोडले असते, तरी चाललं असतं. ती मागच्या मोरीकडे गेली आणि भडाभडा ओकली. आतून भाकरीचा नि रश्श्याचा वास येत होता, कुणीतरी लिंबू मागत होतं. तोंड धुऊन ती परत आली ती थेट जेवणाच्या खोलीत.

"या कागदावर मी सही करणार नाही," ती म्हणाली. "पेटीत सेन्सर नाही. आणि हे तुम्हा सगळ्यांना माहीत आहे."

 मॅनेजरनी वाढप्याला बाहेर जायची खूण केली. साहेबांनी ताटातली नजर वर उचलली नाही. संघप्रिया तिथून निघाली, टाकीपाशी गेली, भिंतीवरची पेटी तिनं तारांसकट उपसली आणि ती घेऊन फाटकाबाहेर आली. वॉचमन अडवायला पुढं झाला आणि काय मनात आलं कुणास ठाऊक, बाजूला झाला.

झाडाखालची माणसं उठून उभी राहिली. ती शालूबाईपुढे खाली बसली.

"हे यंत्र मी बनवलंय," ती म्हणाली. "घाण हवा झाली की बोंबलायचं त्याचं काम. पण बोंबलणारा भागच काढून टाकलाय. नुसता दिवा लागतोय."

शालूबाईंनी पेटीत वाकून बघितलं. "म्हंजे दिवा खोटाच लागत हुता व्हय?"

"व्हय."

"मुकादम म्हनला, हिरवा हाय, उतर. दिवा बघून उतरला की त्यो." पेटीवरची नजर न काढता ती म्हणाली, "प्यालावता त्यो. त्या वासात शुद्धीवर कोन उतरंल?"

मग ती त्या पेटीवर थुंकली. थुंकी संघप्रियाच्या बोटांवरून खाली आली. तिनं ती पुसली नाही.

त्या पेटीचा पंचनामा झाला तो गावकरी फाटकावरून हलले नाहीत म्हणून. नाहीतर पेटी कधीच गायब झाली असती. पुढं माधवनं पोलिसांना सांगितलं की आतलं सगळं काम डॉक्टर मॅडम बघायच्या, मी फक्त पेट्या पोचवायचो, आणि पत्रकावरचं तिचं मोठ्या अक्षरातलं नाव दाखवलं. तिची चौकशी झाली. नेसरीला पोलीस आले हे कळल्यावर तिची आई आक्काताई कोल्हापूरला धावत आली आणि लेकीजवळ राहिली, पण काय झालं म्हणून तिनं एकदाही विचारलं नाही.

खटला चालू असतानाच संघप्रिया एसटीनं गावोगाव फिरली. जिथं जिथं यंत्रं गेली होती तिथं जाऊन ती सांगायची की पेटी उघडून बघा, सेन्सर नसेल तर मी फुकट बसवून देते. लोक चहा पाजायचे. एका चामड्याच्या कारखान्याच्या मालकानं तर तिचं तोंडभरून कौतुक केलं. तो म्हणाला, "फार गुणाचं यंत्र आहे तुमचं, मॅडम. बसवल्यापासून एकदा म्हणून वाजलं नाही." चहाचा कप तिनं तसाच खाली ठेवला. दोन-तीन ठिकाणी सेन्सर परत बसले. बाकीच्यांनी हात जोडून वाटेला लावलं.

बऱ्याच वर्षांनी निकाल लागला. शालूबाईंना भरपाई मिळाली. टाकीत वायू होता हे कोर्टानं मान्य केलं, पण सेन्सर कुणाच्या सांगण्यावरून काढला हे काही शाबीत झालं नाही. तुरुंगात कुणी गेलं नाही. मॅनेजर दुसऱ्या कारखान्यात गेले. माधवनं जुनी कंपनी बंद करून नवी काढली, आणि आता तो परदेशी सेन्सर विकतो, ज्याच्या अलार्मची मर्यादा किल्लीनं वरखाली करता येते आणि किल्ली मॅनेजरच्या ड्रॉवरमध्ये राहते. ही जाहिरात संघप्रियानं पेपरात वाचली आणि पेपर चुलीत घातला.

ती गडहिंग्लजला कॉलेजात शिकवायला लागली होती. मुलांना प्रकाशाचं वक्रीभवन शिकवायची, वायूच्या नादाला लागायची नाही. एके दिवशी दुपारी तास संपवून बाहेर आली तर प्रयोगशाळेच्या पायरीवर तिघं माणसं बसली होती. त्यांतला एक गणपती, टाकीतून ओढून काढलेला. अजून त्याच डिस्टिलरीत होता.

त्यानं फार प्रस्तावना केली नाही. "भिंतीवरचा अलारम मालकाचा हाय," तो म्हणाला. "आमाला आमचा पायजे. गळ्यात अडकवायचा."

कामगारांनी आपसांत वर्गणी काढली होती. संघप्रियाला ते ऐकवेना. मरणाच्या खड्ड्यात उतरणाऱ्यानं इशारा देणारं यंत्रही पदरमोड करून आणायचं! तिला नाही म्हणायचं होतं. तुमच्या मालकाकडं जा, कोर्टाकडं जा, सरकारकडं जा, असं ओरडून सांगायचं होतं. पण ती माणसं तिथं सगळीकडं जाऊनच आली होती. आणि टाकीत उतरायचं काम थांबलेलं नव्हतं.

तिनं प्राचार्यांकडून प्रयोगशाळेचा एक कोपरा मागून घेतला आणि पुन्हा भट्टी पेटवली. पेटी तिनं पारदर्शक प्लास्टिकची केली, आत सेन्सर आहे की नाही हे कुणालाही बाहेरून दिसावं म्हणून. उतरण्याआधी यंत्र कसं तपासायचं हे तिघांना पुन्हा पुन्हा करायला लावलं. यंत्र कर्कश वाजलं तेव्हा गणपती दचकला, आणि मग हसला.

निघताना मात्र तो उंबऱ्यात घुटमळला. "बाई, ह्ये सायबानं बगितलं, आनि काडून ठेव म्हनला तर?"



"टाकीच्या तोंडापर्यंत शर्टाच्या आत ठेवा," ती म्हणाली. "उतरताना बाहेर काढा."

त्यानं मान डोलावली आणि यंत्र शर्टाच्या आत सरकवून वरचं बटण लावलं. चोरीचा माल लपवावा तसं.