न धुतलेला फ्रॉक

मुखरूला सशाच्या शिकारीचा नाद होता, आणि नाद लागलेल्या माणसापुढे बायकोनं तरी किती डोकं फोडायचं! धान कापून झालं, भाताची खाचरं, म्हणजे बांध्या, मोकळ्या पडल्या, की हा गडी सकाळी उठून धुऱ्याधुऱ्यानं, शेतांच्या कडेकडेनं, सशाच्या लेंड्या शोधत फिरायचा. ससा मारला तरी केस लागते, फॉरेस्टचा गार्ड धरून नेतो, हे त्याला शेंबड्या पोरांनीही सांगून झालं होतं. तो मान हलवायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा धुऱ्यावर हजर.

पण सशामागे माणूस धावून काय करणार? कुत्रा लागतो. आणि त्या वर्षी मुखरूकडे कुत्रा नव्हता. होता तो हाडाच्या तुकड्यावरून त्याच्या चार वर्षांच्या पोरीच्या, रश्मीच्या गालावर धावून गेला होता. दात खोल लागला नाही, इंजेक्शनं झाली, गाल भरून आला. पण तिच्या मायनं, अन्नपूर्णानं, कुत्र्याला घराबाहेर काढलं ते काढलंच. मुखरू चार महिने तोंड पाडून बसला. शेवटी तिलाच कीव आली.

"आणा बाप्पा दुसरा," ती म्हणाली. "पण लेकराले जीव लावणारा आणा. नाईतर मी अन् पोट्टी माहेरी, तुमी अन् तुमचा कुत्रा इथी."

तसा कुत्रा एकाच माणसाकडे मिळायचा. वैनगंगेपलीकडे, गडचिरोलीच्या जंगलातल्या एका गावात जंगू नावाचा म्हातारा होता. त्याची कुत्री लांब टांगांची, पोट पाठीला लागलेली. सशामागे सुटली की पाय जमिनीला टेकतात की नाही ते कळत नसे. जंगू कुत्रा विकत नव्हता, देत होता, आणि देण्याची त्याची रीत होती. घरात लहान मूल असेल तर त्याचं अंगावरचं, न धुतलेलं कापड घेऊन यायचं. जंगू ते अंगणात टाकायचा आणि सगळी कुत्री मोकळी सोडायचा. एखादं हुंगून निघून जायचं, एखादं ओढून फाडायचं. जे कापडावर मान टाकून झोपी जाईल, ते त्या मुलाचं.

"मंग त्या कापडाचं लेकरू जिथी, कुत्रा तिथी," जंगू सांगायचा. "अन् पह्यल्या सशाचा वाटा त्या लेकराच्या हातानं द्याचा. तोवर तो तुमचा नाई."

मुखरूनं हे ऐकून घरी येऊन रश्मीचा फ्रॉक मागितला, तशी अन्नपूर्णानं पोरीला मागे ओढलं. जिवंत लेकराचं घामाचं कापड परक्या गावाला पाठवायचं? तिच्या माहेरच्या म्हाताऱ्या म्हणायच्या, लेकराचं न धुतलेलं कापड ज्याच्या हाती गेलं, त्याच्या मुठीत लेकरू गेलं. म्हणून रश्मीच्या अंगावरून कपडा उतरला की अन्नपूर्णा तो लगेच पाण्यात बुडवायची आणि अंगणातल्या दोरीवर न टाकता घरात वाळवायची. शेजारणी हसायच्या. हसोत बापड्या! एक लेकरू गमावलेल्या बाईनं कशाला भ्यावं, हे ज्यांची सगळी घरी आहेत त्यांनी शिकवू नये.

हो, एक गेलं होतं. रश्मीच्या आधीची पुनम तीन वर्षांची असताना तापानं गेली, त्याला सहा वर्षं झाली होती. लहान जीव म्हणून जाळलं नाही. शेताच्या टोकाला, जंगलाला लागून मोहाचं झाड आहे, त्याच्या बुडाशी पुरलं. तेव्हा गाव अन्नपूर्णाला 'पुनमची माय' म्हणायचं. रश्मी झाली आणि ती 'रश्मीची माय' झाली, नवऱ्याच्या तोंडीसुद्धा. जुनं नाव पाटीवरून पुसावं तसं पुसलं गेलं. आपल्याला बहीण होती हे रश्मीला कोणी सांगितलं नव्हतं.

पेटीच्या तळाशी एका प्लास्टिकच्या पिशवीत पुनमचा पिवळा फ्रॉक होता. शेवटच्या तापात तोच तिच्या अंगात होता. अन्नपूर्णानं तो कधी धुतला नाही. वर्षातून एकदा घरात कोणी नसताना ती पिशवीची गाठ सोडायची, फ्रॉकला नाक लावायची आणि घाईघाईनं पुन्हा गाठ मारायची.

तिनं तोच दिला. आता हिला कोण काय करणार, असं तिच्या मनात आलं, आणि असं मनात आलं म्हणून स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावी असं वाटलं. तरी दिला. फडक्यात गुंडाळून वर दोन गाठी मारल्या आणि नवऱ्याला म्हणाली, "तिथी जाऊनच सोडजा. वास उडते." पुरुष माणसाला फ्रॉक काय ओळखू येतात, अशी तिनं मनाची समजूत घातली.

तिसऱ्या दिवशी मुखरू काळीपिवळी जीपमधून उतरला तो कुत्रा घेऊनच. भुरका रंग, शांत डोळे, चाल अशी की पायाखालचं पानही वाजू नये. मुखरूनं फ्रॉकचं फडकं अन्नपूर्णाच्या हातात दिलं. "कापड त्याच्यापाशीच ठेवाले सांगतलं जंगूभाऊनं," एवढंच बोलून तो हातपाय धुवायला मागच्या अंगाला गेला.

रश्मी टाळ्या पिटत धावली. कुत्रा तिच्या बाजूनं तसाच पुढे निघाला, घरात शिरला, कोपऱ्यातल्या पेटीपाशी गेला आणि पेटीला नाक लावून बसला. फ्रॉक तर अन्नपूर्णाच्या हातात होता; पेटीत आता त्याची नुसती रिकामी पिशवी होती.

मुखरूनं त्याचं नाव लांब्या ठेवलं. लांब्याइतका गरीब कुत्रा गावात नव्हता. रश्मीनं शेपूट ओढली, कान पिळले, पाठीवर बसून पाहिलं. तो कधी गुरगुरला नाही. फक्त उठायचा आणि दुसरीकडे जाऊन बसायचा. ताटलीत टाकलेलं खायचा, पण रश्मीनं हातावर घास धरला की नुसता बघत राहायचा, कुणाच्या परवानगीसाठी थांबल्यासारखा. अंगणात झोपताना अंगाचं वेटोळं करायचा आणि मध्ये जागा सोडायचा, एक लहान मूल मावेल एवढी. कधी त्या रिकाम्या जागेकडे बघून शेपूट हलवायचा.

आणि त्याचं चालणं! सशामागे वाऱ्यासारखा सुटणारा कुत्रा, पण घरून शेतात जाताना गोगलगाय झालेला. दहा पावलं चालायचा, थांबायचा, मागे वळून बघायचा. बघायचा तेही माणसाच्या तोंडाकडे नाही, गुडघ्याच्या उंचीवर. मग पुन्हा दहा पावलं. गावातले लोक मुखरूची थट्टा करायचे, "कुत्रा आणला का गा वरात आणली?" अन्नपूर्णाला हसू येत नव्हतं. तीन वर्षांच्या लेकराला शेतात चालवत न्यायला किती वेळ लागतो, हे तिच्या पायांना पक्कं माहीत होतं.

पहिला ससा पौषात मिळाला. कापलेल्या बांधीतून ससा उठला, लांब्यानं चार उड्यांत धरला. मुखरूनं शीळ घातली, हाक मारली. लांब्या ससा तोंडात धरून त्याच्या पुढून गेला, शेताच्या टोकाच्या मोहाखाली त्यानं तो ठेवला आणि बाजूला बसला. मुखरूनं ससा उचलून घरी आणला. रश्मीच्या हातून काळजाचा तुकडा देऊन पाहिला. लांब्यानं तोंड फिरवलं. दुसऱ्या सशाचं तेच झालं, तिसऱ्याचंही तेच. मुखरू चिडेल, कुत्र्याला काठी घालेल, असं अन्नपूर्णाला वाटायचं. तो चिडला नाही. ससा घेऊन मुकाट्यानं घरी यायचा आणि जेवताना तिच्याकडे बघायचा नाही. तिला वाटलं, जंगूनं फसवलं म्हणून खजील झाला असेल.

खरं सांगावं असं तिला रोज वाटे आणि रोज जीभ उचलत नसे. सांगितलं तर कुत्रा परत जाईल. मग मोहाखाली कोण जाईल? ती स्वतः सहा वर्षांत एकदाही त्या झाडाखाली गेली नव्हती. मोह वेचायलाही दुसऱ्या झाडांखाली जायची. या कुत्र्यानं तिचं काम उचललं होतं, आणि त्याचं तिला बरंही वाटायचं, भयही वाटायचं.

फाल्गुनात मोह गळायला लागला. त्या बाजूला वाघ फिरतो आहे, एकटं जाऊ नका, असं फॉरेस्टवाल्यांनी गावात सांगून ठेवलं होतं. एके दुपारी अन्नपूर्णा अंगणात मोह वाळत घालत होती. पाटी रिकामी झाली, तिनं मान वर केली, तर रश्मी दिसेना. लांब्याही नव्हता. घरात दोन वाट्या उपड्या पडल्या होत्या आणि भाताच्या गंजाचं झाकण काढलेलं होतं.

सगळं एका क्षणात तिच्या ध्यानात आलं. पोरीला कुत्र्याचा लळा हवा होता. जो तिच्याकडे येत नव्हता, त्याच्यामागे ती निघाली होती.

अन्नपूर्णा अनवाणी मोहाकडे पळत सुटली. बाजूच्या बांधीत मुखरू होता. तिला पळताना बघून तोही कुऱ्हाड घेऊन धावला. मोहाखाली रश्मी बसली होती, मुठीत भाताचा गोळा धरून. तिच्यापुढे लांब्या पडला होता, मान किंचित वर, कोणाच्या मांडीवर ठेवावी तशी. खाली मांडी नव्हती. त्याच्यासमोर ताजा ससा होता, एक दातही न लावलेला. आणि भुसभुशीत मातीत वाघाच्या पंजांचे ठसे होते. जंगलातून निघून सरळ झाडाकडे आलेले, दहा पावलांवर थांबलेले आणि तसेच वळून परत गेलेले. ठशांच्या कडा अजून ढासळल्याही नव्हत्या.

मुखरू कुऱ्हाड धरून जंगलाकडे तोंड करून उभा राहिला. अन्नपूर्णानं पोरीला छातीशी घट्ट धरलं. पोर घाबरलेली नव्हती, रुसलेली होती.

"हा माह्या हातचं खात नाई वो आई," रश्मी म्हणाली. "मंग कोणाच्या हातचं खाते?"

अन्नपूर्णाला रडू फुटलं. सहा वर्षांचं साठलेलं ते, आता कुठं थांबणार! "तुह्या ताईच्या," ती म्हणाली. "तुले ताई होती माय. पुनम नाव होतं. इथीच झोपली हाये." मग नवऱ्याकडे वळली. "मीच देलती तिचा फ्राक. रश्मीचा देऊ नाई वाटला. तुमाले सांगतली नाई मी."

मुखरूनं कुऱ्हाड खाली ठेवली. "मले माहीत होतं," तो म्हणाला. "जंगूभाऊच्या अंगणात गाठ सोडलो अन् ओळखलो. तापात मीच तर तिले खांद्यावर घेऊन फिरलो होतो त्या फ्राकात. म्हणणार होतो, हा नाई, दुसरा आणतो. तेवढ्यात यानं त्यावर मान टाकली अन् झोपला. मंग माह्याच्यानं त्याले उठवणं झालं नाई, पुनमचे माय."

किती वर्षांनी तिनं ते नाव ऐकलं! ती पोरीला घेऊन झाडाच्या बुडाशी बसली.

मुखरूनं चाकूनं सशाचं काळीज काढलं आणि तिच्या तळहातावर ठेवलं. अन्नपूर्णानं ते मोहाच्या बुडाशी, मातीवर ठेवलं. "पुनम," ती म्हणाली, "दे माय त्याले. तुहा हाये तो." लांब्या उठला. त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही, मुखरूकडे पाहिलं नाही. जमिनीपासून वीतभर वर, जिथं लहान मुलाचा हात आला असता तिथं, त्यानं आधी हवेतच दोनदा जीभ फिरवली. मग वाटा उचलला आणि खाल्ला.

दुसऱ्या दिवशी मुखरू पुन्हा वैनगंगा ओलांडून गेला. या खेपेला अन्नपूर्णानं रश्मीच्या अंगातला फ्रॉक काढून दिला, धुळीचा, घामाचा, भाताची शितं लागलेला. न धुताच फडक्यात बांधला. एका पोरीला झाकायला तिनं दुसरीला पुढे केलं होतं; तसं पुन्हा करायचं नव्हतं. मुखरू काळ्या कानांचं एक अवखळ पिल्लू घेऊन आला. त्यानं अंगणात पाऊल टाकल्याबरोबर रश्मीला आडवं पाडलं आणि तिचं तोंड चाटून काढलं.

संध्याकाळी चुलीवरून भात उतरवून अन्नपूर्णा दारात आली. "पुनम, रश्मी," तिनं मोठ्यानं हाक मारली, "चला वो पोट्ट्याहो, जेवाले."

अंगणात दोन्ही कुत्री उठली. काळ्या कानांचं रश्मीच्या पायात घोटाळत आत पळालं. लांब्या सावकाश निघाला, थांबत, गुडघ्याच्या उंचीवर मागे वळून बघत. भात निवत होता. तरी ती दोघं उंबरा ओलांडून आत येईपर्यंत अन्नपूर्णा दार धरून उभी राहिली.