उजवा पाय

नखं कापलेली असावीत. टाचांच्या भेगांत माती नसावी. चर्चमागच्या नळावर साबण आणि काथ्या ठेवला आहे, तो वापरावा.

सोमवारी नाल्याचं पाणी हिरवं असतं, बुधवारी जांभळं. रविवारी कारखाना बंद असतो, तेव्हा ते पाण्यासारखं दिसतं.

समुद्राकाठच्या दांडीची एक म्हातारी कोळीण, टोपली डोक्यावरून न उतरवता: "फादर, तुमच्या देवानं दोन माशांत पाच हजार मानसं जेवू घातली ना? त्याला म्हनावं, दांडीला ये. दोन गावले तरी लय झाले."

कारखान्यात इन्स्पेक्टर यायचा असला की सकाळी गमबूट वाटतात. संध्याकाळी परत काढून घेतात.

वारली माणूस सगळ्यांना 'तू' म्हणतो. देवाला, तलाठ्याला, मला.

डॉक्टरांनी कोंबडीचं पीस घेतलं आणि जिवल्याच्या तळव्यावरून फिरवलं. "गुदगुल्या होतात?" जिवल्या खुदकन हसला. मीही हसलो. त्या दवाखान्यात त्या दिवशी आम्ही तिघेच आनंदात होतो.

*

आता सरळ सांगतो.

१९८६ साली मी बोईसर आणि वाणगावच्या मधल्या एका लहान धर्मग्रामाचा धर्मगुरू होतो. चर्चला पत्र्याचं छप्पर होतं. माणसं दोन प्रकारची होती. कॉलनीतली, म्हणजे वसईहून, गोव्याहून, केरळहून नोकरीला आलेली. आणि पाड्यातली, म्हणजे तिथलीच, बाप्तिस्मा घेतलेली तीसेक वारली घरं. कॉलनी बाकांवर बसायची, पाडा खाली चटईवर. बाक कमी पडतात, असं कारण होतं. नंतर बाक आले. चटई राहिली.

जिवल्या वरईपाड्यातला. पावसाळ्यात स्वतःच्या तुकड्यावर भात लावायचा, उरलेलं वर्ष एका रंगाच्या कारखान्यात कामाला. पिंपांतून सांडलेलं काहीतरी सतत जमिनीवर असायचं आणि तो त्यात अनवाणी उभा असायचा. त्याचा उजवा पाय ठीक होता. डावा घोट्यापासून खाली सोलवटलेला, मधे पांढरा, कडेला जांभळा. रंगही चढलेला होता. तो उतरत नव्हता.

कारखान्यात कुणीतरी म्हणालं, रगतपिती, म्हणजे महारोग. कुणीतरी म्हणजे कोण, ते मला माहीत होतं. पण ते नंतर.

शब्द पाड्यात पोचायला एक दिवस लागला. जिवल्याला कामावर येऊ नको म्हणाले. पाड्यात त्याच्याजवळ कुणी बसेना. त्याची बायको ठमी विहिरीवर सगळ्यांच्या शेवटी पाणी भरू लागली. आपणहून नाही. तिला तसं सांगितलं होतं, आणि सांगणारी तिची सख्खी जाऊ होती.

म्हणून मी त्याला डॉक्टरांकडे नेलं. पिसाचा प्रकार तेव्हाचा. गुदगुल्या होतात म्हणजे पाय बधिर नाही, म्हणजे रगतपिती नाही. डॉक्टर तोंडाने स्पष्ट म्हणाले, "हे भाजलंय. केमिकलनं." कागदावर मात्र त्यांनी लिहिलं: पायास जखम, मलम.

"कशाने झाली ते लिहा ना," मी म्हणालो.

"मी पाहिलं का फादर, कशाने झाली ते? आणि मला याच तालुक्यात राहायचंय."

परत येताना एसटीत जिवल्या कागद उलटा-सुलटा करून बघत होता. मग त्याने तो घडी करून मला दिला.

"यो कागद पाड्यात कोन वाचंल? तू एक कर, फादर. तू त्या दिवशी बारा जनांचे पाय धुतोस ना?"

पवित्र गुरुवार. गुड फ्रायडेच्या आदल्या संध्याकाळी मिस्सात, म्हणजे उपासनेत, बारा पुरुषांना पुढे बसवून धर्मगुरू त्यांचे पाय धुतो, प्रभूने शिष्यांचे धुतले तसे.

"मना त्यात बसव. सगळ्यांदेखत ह्या पायाला हात लाव. मंग कोन काय बोलंल?"

इतकं साधं होतं ते. सहा वर्षं सेमिनरीत शिकून मला सुचलं नव्हतं. मी हो म्हणालो. एसटीत, वाऱ्यात, मोठ्याने, दोनदा.

*

बस्त्याव रुमाव मंगळवारी दुपारी आले. धर्मग्राम समितीचे सचिव. वसईचे, माझ्याच बाजूचे. त्याच रंगाच्या कारखान्यात सुपरवायझर. रगतपिती हा शब्द पहिल्यांदा त्यांनीच काढलेला. बारा जणांसाठीची ती नखं, साबण आणि काथ्याची सूचना त्यांनीच लिहिलेली. चर्चचे पत्रे त्यांनी स्वतः वर चढून ठोकलेले. बस्त्याव वाईट माणूस नव्हते. हे वाक्य मी पुढे बरेच दिवस वापरलं.

"फादर, जिवल्याचं नाव काढा."

"का?"

"रगतपिती आहे त्याला."

"डॉक्टर नाही म्हणाले."

"कागदावर आहे तसं?"

त्यांनी बशीत चहा ओतला.

"बस्त्याव, तो पाय कशाने गेला ते तुम्हाला माहीत आहे. तुमच्याच खात्यात होता तो."

"माझ्या खात्यात बासष्ट माणसं आहेत. बाकी एकसष्टांचे पाय बघून या."

मी जायला हवं होतं. एकसष्टांचे पाय बघायला. मी बिस्किटं पुढे केली.

"आणि हे बघा," ते खालच्या आवाजात म्हणाले, "मी तुमच्या भल्याचं सांगतो. पाय धुऊन झाले की तुम्ही त्याच हातांनी पवित्र भाकरीतला प्रभू आमच्या जिभेवर ठेवणार. मी घेईन. माझी बायको नाही घेणार. कॉलनीतली एकही बाई पुढे येणार नाही. तुम्ही पेला घेऊन उभे, समोर कुणी नाही. चालेल? पवित्र गुरुवारी?"

"मी मधे हात धुतो. साबणाने."

"ते तुम्ही मला सांगता. हिला कोण सांगणार? ही आत्तापासून मळमळतंय म्हणून लिंबू घेऊन बसलीय."

मी हसलो. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते, कारण तिथेच मी हरलो.

"नाव नाही काढणार मी," मी म्हणालो. "शब्द दिलाय."

"मग नका काढू." त्यांनी बशी खाली ठेवली. "उजवा धुवा. जुनी रीत उजव्याचीच आहे, आपल्या गावी आपण लहानपणापासून तेच बघितलंय. बाराही जणांचा उजवा. भेदभाव नको. त्याचं मन राहील, तुमचा शब्द राहील, बायकांचा प्रभू राहील."

मी विचार केला. म्हणजे काय केलं? खिडकीतून बाहेर पाहिलं. मंगळवार होता, नाला दोन रंगांच्या मधे होता. मी स्वतःला म्हणालो: तो बारा जणांत बसणार हेच मोठं आहे. म्हणालो: लोकांना हळूहळू न्यावं लागतं. म्हणालो: प्रार्थना करून ठरवू. ठरवून झालेल्या गोष्टीबद्दल मी तासभर प्रार्थना केली.

जिवल्याला आधी सांगायला मी गेलो नाही. पाडा वीस मिनिटांवर आहे, सायकलने सात.

*

गुरुवार, संध्याकाळी सहा. चर्च भरलेलं. कॉलनीतले सहा, पाड्यातले सहा, एका ओळीत. जिवल्या नववा. पांढरा सदरा, तेल लावून विंचरलेले केस. डाव्या पायाची फडकी त्याने सोडून ठेवली होती आणि तो पाय दोन तास नळावर काथ्याने घासला होता. हे मला नंतर चर्चमध्ये मदतीला असणाऱ्या सिस्टर हंसांनी सांगितलं. त्या म्हणाल्या, मी नको नको म्हणत होते, रक्त येत होतं, पण तो म्हणे सूचना लिहिलीय ना.

मी गुडघ्यांवर. बस्त्याव परात धरून. सिस्टर टॉवेल देत होत्या. पहिला, उजवा. पाणी, टॉवेल, ओठ. दुसरा, उजवा. चौथ्यापर्यंत मला पाठ झालं. आठव्याला मी वर पाहिलंच नाही.

नवव्याने डावा पाय पुढे केला.

तो परातीवर होता. खालून तो किती मोठा दिसत होता! सूज होती. कडेला ताजं रक्त होतं.

"उजवा," मी म्हणालो.

जिवल्याला वाटलं, मला कळलं नाही. त्याने वाकून बोट दाखवलं. "यो, फादर. यो."

"उजवा पुढे कर," बस्त्याव म्हणाले. हातातली परात त्यांनी इंचभर त्याच्या उजव्या पायाकडे सरकवली.

"तो नाय. यो हाय दुखरा."

"उजवा," मी परत म्हणालो.

मागे गायकवृंदात कुणीतरी फिसकन हसलं. बाकावरून एक बाई दुसरीला सांगत होती, तिला वाटलं हळू सांगतेय: "डावा-उजवा कळत नाही गं यांना."

जिवल्याने माझ्याकडे पाहिलं. मी सांगू शकतो की मी डोळे मिटले होते, प्रार्थनेत होतो. नव्हतो. मी त्याच्याकडे पाहत होतो आणि तिसऱ्यांदा म्हणालो, "उजवा."

त्याने डावा मागे घेतला. उजवा ठेवला. मी तो धुतला, पुसला, त्याला ओठ लावले. त्या पायाला साबणाचा वास येत होता. मग दहावा. अकरावा. बारावा.

प्रभूभोजनाला सगळी कॉलनी आली. बस्त्यावची बायकोही आली, जीभ बाहेर, डोळे मिटून. जिवल्या आला नाही.

*

प्रश्न: प्रभू पाय धुवायला आला तेव्हा त्याचा शिष्य पेत्र काय म्हणाला?
उत्तर: माझे पाय तू कधीही धुणार नाहीस.

प्रश्न: जिवल्या काय म्हणाला?
उत्तर: यो, फादर. यो.

प्रश्न: धर्मगुरू पेत्राचा वारस आहे काय?
उत्तर: आहे. पेत्राने प्रभूला नाकारलं तसं तीन वेळा नाकारण्यापुरता.

*

मिस्सानंतर ते दोघं पायरीवर होते. ठमी त्याच्या पायाला फडकं बांधत होती.

"जिवल्या," मी म्हणालो, "रीत तशी आहे. सगळ्यांचाच उजवा धुतला."

"हां."

"तुझ्यावर राग नाही माझा."

हे मी का म्हणालो, मला माहीत नाही. ठमीने मान वर केली.

"तुजा राग?" ती म्हणाली. "तुजा कशाला राग असंल?"

जिवल्या उठला. "चांगला पाय तर मी रोज धुतो, फादर. त्याला तू कशाला पायजे?"

ते निघाले. लोक त्यांना वाट करून देत होते. नको इतकी रुंद वाट.

*

ईस्टर सोमवारी पाड्यातला देवू आला, जिवल्याचा चुलतभाऊ. खुशीत होता. शेवग्याच्या शेंगा घेऊन आला होता.

"बरं केलास फादर. आमाला कललं."

"काय कळलं?"

"आमी म्हनत होतो, फादर हाय, डाक्टरकडं पन घेऊन गेला, याला ठावं असंल. जर का यानं तो पाय धरला तर आमी पन धरू. तू नाय धरलास. मंग आमी पन नाय."

मी उभा राहिलो. मी त्याला सांगितलं, तो रोग नाही. भाजलंय. कारखान्यात भाजलंय. डॉक्टर म्हणाले. पीस फिरवलं, गुदगुल्या झाल्या. मी खूप बोललो.

देवूने सगळं ऐकून घेतलं. "मंग का नाय धरलास?"

"रीत आहे. उजवा धुवायची."

"रीत," तो म्हणाला, आणि त्याने मान हलवली. रीत त्यांना समजते. पण मान हलवताना तो माझ्या हातांकडे बघत होता. शेंगा त्याने पायरीवर ठेवल्या, हातात दिल्या नाहीत.

त्या संध्याकाळी मी सायकलवर बादली अडकवून वरईपाड्याला गेलो. मलम, बँडेज, डेटॉल. जिवल्याचं खोपट आता पाड्यापासून लांब होतं, कुणीतरी हलवायला लावलं होतं. तो अंगणात बसला होता. मी गुडघ्यांवर बसलो, डावा पाय हातात घेतला, धुतला. त्याने धुऊ दिला. पाण्याला हलका हिरवा रंग आला. मी ओठही लावले.

जिवल्या इकडे तिकडे बघत होता. मागे कुडाची भिंत, पुढे उतार, खाली रिकामं शेत. मग तो माझ्याकडे बघून हसला. दवाखान्यातलं हसणं नव्हतं ते.

"आता कोन बगतंय, फादर? कोंबडी?"

मी बँडेज बांधलं. ते वाईट बांधलं गेलं. ठमीने माझ्यासमोर सोडून परत बांधलं.

मे महिन्यात ते निघून गेले. देवू म्हणाला, वीटभट्टीवर. कमळी म्हणून एक बाई मनोरच्या बाजाराला जायची, ती म्हणाली, मनोरला पुलाखाली दिसले होते, दोघंच. पावसाळ्यात त्यांच्या तुकड्यावर भात लागला नाही. मी नोंदवहीत त्यांच्या नावापुढे लिहिलं: स्थलांतर. या शब्दासाठी एक स्वतंत्र रकाना आहे.

बस्त्यावनी पुढच्या वर्षी नळावर नवीन साबण ठेवला. मी त्या धर्मग्रामात आणखी सहा वर्षं होतो. दर पवित्र गुरुवारी बाराही जण उजवाच पाय पुढे करायचे. सांगावं लागायचं नाही.

१९८५ च्या पवित्र गुरुवारी, याआधीच्या माझ्या धर्मग्रामात, मी बाराही जणांचे दोन्ही पाय धुतले होते.