कापलेलं हसू

मी एक जुना व्हिडिओ कॅमेरा आहे. मित्रांनो, मी बनलो कुठल्याशा दूरच्या कारखान्यात, पण जग पाहिलं ते नवापूरच्या एका फोटोग्राफरच्या खांद्यावरून. हळदीच्या बोटांनी मी पिवळा झालो, मांडवातल्या नाचणाऱ्यांचे धक्के खाल्ले, आणि "काय झकास शूटिंग!" हे कौतुकही ऐकलं. मग नवे कॅमेरे आले. मालकाने मला नंदुरबारच्या एका कॉलेजला देऊन टाकलं. तिथे प्रत्येकाच्या हातात मोबाइल; मी माध्यम विभागाच्या कपाटात धूळ खात पडलो.

मला बाहेर काढलं इफ्फतने. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी तिला फिल्म करायची होती, आणि तिचा मोबाइल सारखा बंद पडायचा. तिने ओढणीच्या टोकाने माझी काच पुसली, तेव्हाच ती मला आवडली.

विषय तिच्या घरचाच होता. तिचे वडील शब्बीरभाई घराला लागूनच असलेल्या दुकानात रिक्षांच्या सीटा आणि हुड शिवतात. शूटिंगच्या दिवशी ते नवा सदरा घालून, अत्तर लावून बसले होते.

"अब्बा, वो पुरानी कमीज पहनो ना," इफ्फत म्हणाली. "और हँसना नहीं."

त्यांना काही ते जमेना. दर दोन टाक्यांनंतर ते हसायचे, रिक्षावाल्या सुपडूभाऊंची चेष्टा करायचे. इफ्फतने ते सगळं कापलं, उरलेल्या गंभीर चेहऱ्याला उदास बासरी जोडली. वर्गात ती फिल्म पाहून मुलींनी डोळे पुसले. हेमकांत सरांनी ती आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेला पाठवायचं ठरवलं.

प्रकल्पाचा दुसरा भाग लेखी होता. वर्गात शिकलेले सिद्धांत आता आपल्याच फिल्मला लावायचे होते. माध्यम काही जसंच्या तसं दाखवत नाही, निवडून दाखवतं, हे इफ्फतला पाठ होतं. मालिकांमधल्या सुनांवर तिने पानंच्या पानं लिहिली होती. स्वतःच्या फिल्मबद्दल मात्र तिने लिहिलं, 'यात वास्तव आहे.' सरांनी त्या शब्दाभोवती गोल काढून विचारलं, 'कोणाचं?'

ती चिडली. तशीच घरी आली आणि तिने अब्बांना फिल्म दाखवली. सुपडूभाऊही दुकानात होते.

"शब्बीरभाई, तू इतला गप्प कवय ऱ्हास?" सुपडूभाऊंनी आश्चर्याने विचारलं. शब्बीरभाईंना इतकं गप्प त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं.

अब्बा तरीही लेकीचं कौतुकच करत होते. "अच्छी बनाई बेटा." मग म्हणाले, "बस, मैं थोडा बीमार लग रहा हूँ."

इफ्फतने माझं कार्ड लावून कापलेलं सगळं चित्रण पुन्हा पाहिलं. पाहता पाहता तिचा चेहरा रडवेला झाला.

दुसऱ्या दिवशी ती सरांना म्हणाली, "सर, मला फिल्म बदलायचीय."

"मुदत संपली. बदललीस तर स्पर्धेत घेणार नाहीत. बक्षीस हातातलं आहे, इफ्फत."

"लोक रडतील, सर. पण अब्बांसाठी नाही. मी बनवलेल्या कुणा दुसऱ्याच माणसासाठी."

सरांनी स्पर्धेच्या यादीतून नाव काढलं आणि स्वतः तिच्याशेजारी एडिटिंगला बसले.

लेखात इफ्फतने लिहिलं, 'माझ्या प्रेक्षकांना गरीब माणूस दुःखीच हवा असेल, असं मी धरून चालले. म्हणून मी माझ्या वडिलांचं हसू कापलं.' ते वाचायला तिने सगळ्यात आधी अब्बांनाच दिलं.

नवी फिल्म कॉलेजच्या हॉलमध्ये दाखवली. पहिल्याच दृश्यात शब्बीरभाई सरळ माझ्या डोळ्यात डोकावून विचारतात, "चालू हुआ क्या?" आणि मागून इफ्फतचा आवाज येतो, "हाँ अब्बा, बोलो." हॉल खदखदून हसला. पहिल्या रांगेतले शब्बीरभाई सगळ्यांत जोरात.

मित्रांनो, आता माझं बटण अडकतं, बॅटरी लवकर उतरते. मला उन्हात ठेवू नका, काम झाल्यावर झाकण लावा, एवढं सांभाळलंत तर मी आणखी काही वर्षं चालेन. आणि मला कुणाकडे वळवाल, तेव्हा आधी त्याच्याजवळ थोडा वेळ नुसते बसा. माझा डोळा तुम्ही वळवाल तिकडेच बघतो.